वाळीत टाकलेला राष्ट्राध्यक्ष: चार्ल्स टेलर प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण कशासाठी

१७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांच्या नावाने अटक वॉरंट काढले. आरोप होता युक्रेनमधली मुले बेकायदा रशियात नेल्याचा. त्याच ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला ब्रिक्स परिषद भरली, तिला पुतिन प्रत्यक्ष गेले नाहीत. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र ते मंगोलियाला गेले, तिथे त्यांचे इतमामात स्वागत झाले आणि ते सुखरूप परतले. दक्षिण आफ्रिका आणि मंगोलिया, दोन्ही देश त्या न्यायालयाचे सदस्य आहेत. अशी बातमी वाचली की ‘सगळे कागदी घोडे’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

तसे म्हणण्याआधी शेवटापर्यंत गेलेले एखादे प्रकरण नीट पाहायला हवे. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याचे प्रकरण तसे आहे. निर्बंध लागले, आरोपपत्र निघाले, त्याला परदेशात आसरा मिळाला, मग तो पकडला गेला, खटला चालला आणि शिक्षा झाली. प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी नको असलेल्या दोन गोष्टींतून एक निवडावी लागली. माझे मत आधीच मांडतो. टेलरला एकटे पाडण्याचा उपाय लागू पडला, पण त्याचा पैसा आणि शेजाऱ्यांचा आधार हे दोन्ही तुटल्यावरच. आणि न्याय झाला तो शेजारच्या देशातल्या लोकांचा. त्याच्या स्वतःच्या देशातली माणसे अजून ताटकळत आहेत.

पार्श्वभूमी

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, त्या काळी जेमतेम तीस लाख वस्तीचा देश. कोकणातल्या दर्यावर्दी घरांमध्ये हे नाव नवे नाही, कारण जगातली हजारो मालवाहू जहाजे लायबेरियाच्या झेंड्याखाली चालतात. मालक ग्रीक, खलाशी रत्नागिरीचा आणि जहाजाच्या पाठीवर रंगवलेले बंदर लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया, ही नेहमीची गोष्ट. या जहाज नोंदणीच्या पैशाचा विषय पुढे येणारच आहे.

टेलरचा जन्म १९४८ चा. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून तो परतला आणि सॅम्युएल डो याच्या लष्करी राजवटीत सरकारी खरेदी खात्याचा प्रमुख झाला. सुमारे ९ लाख डॉलर हडपल्याचा आरोप झाल्यावर तो अमेरिकेत पळाला. तिथे पकडला गेला आणि १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून निसटला. नंतर लिबियात त्याच्या माणसांना लष्करी प्रशिक्षण मिळाले. २४ डिसेंबर १९८९ रोजी आयव्हरी कोस्टच्या हद्दीतून त्याच्या टोळ्या निंबा परगण्यात घुसल्या आणि लायबेरियाचे पहिले यादवी युद्ध सुरू झाले.

सात वर्षांनी शांतता करार झाला आणि जुलै १९९७ च्या निवडणुकीत टेलर सुमारे ७५ टक्के मते घेऊन निवडून आला. ‘याने माझी आई मारली, बाप मारला, तरी मत यालाच’ अशा अर्थाच्या घोषणा तेव्हा मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर दिल्या जात होत्या. हरला तर पुन्हा बंदूक उचलेल, ही लोकांना धास्ती होती. त्या मतांकडे पाहून त्याला लोकमान्य नेता म्हणणे मला पटत नाही, पण पुढची सहा वर्षे त्याने त्याच शिक्क्यावर राज्य केले.

दरम्यान शेजारच्या सिएरा लिओनमध्ये २३ मार्च १९९१ पासून युद्ध चालू होते. फोडे सांकोह याच्या रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंटच्या टोळ्या लायबेरियाच्या हद्दीतून तिथे शिरल्या होत्या. कोनो भागातले हिरे त्यांच्या हाती आले. हिरे लायबेरियाकडे जात आणि बंदुका, काडतुसे उलट दिशेने येत. या टोळ्यांनी गावकऱ्यांचे हात तोडण्याची पद्धतच पाडली. तोडण्याआधी विचारत, अर्धी बाही हवी की पूर्ण? म्हणजे कोपराच्या वर तोडू की मनगटाशी. लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या, बायका-मुलींना ‘बायको’ म्हणून ओढून नेले. या युद्धात साधारण ५०,००० माणसे गेली असे मानले जाते, आणि लायबेरियाच्या दोन यादवी युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख.

कोंडी कशी आवळत गेली

या टप्प्याकडे सहसा कुणी फारसे पाहत नाही. मला तो सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

जुलै १९९९ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे सिएरा लिओनचा शांतता करार झाला. सांकोहला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा, खनिज संपत्तीच्या मंडळाचे अध्यक्षपद आणि सगळ्यांना सरसकट माफी मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना आपल्या हाताने एक ओळ जोडली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू नाही. त्या वेळी ती ओळ कुणी फार मनावर घेतली नाही. पुढे सगळा खटला तिच्यावर उभा राहिला.

करार वर्षभरही टिकला नाही. मे २००० मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. या फौजेचे नेतृत्व भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली यांच्याकडे होते. सिएरा लिओनमधल्या कैलाहून गावी दोनशेहून अधिक भारतीय सैनिक दोन महिन्यांहून जास्त काळ वेढ्यात होते आणि जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना सोडवावे लागले. ओलिसांच्या सुटकेत टेलरने मध्यस्थी केली आणि त्याचे श्रेयही मागितले. ज्याचा शब्द बंडखोर ऐकतात त्याच्याकडूनच त्यांना रसद मिळते, हा निष्कर्ष मग सुरक्षा परिषदेला टाळता येईना.

जुलै २००० मध्ये सिएरा लिओनच्या अनधिकृत हिऱ्यांवर बंदी आली. मार्च २००१ च्या ठरावाने थेट लायबेरियाला गाठले: शस्त्रबंदी आधीची होती ती कडक झाली, आणि मे महिन्यापासून लायबेरियाचे सगळे हिरे व टेलरच्या गोतावळ्याचा परदेश प्रवास यांवर बंदी लागू झाली. या निर्णयामागचे हिशेब साधे होते. १९९४ ते १९९८ या काळात बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात ‘लायबेरियाचे’ म्हणून नोंदलेले हिरे वर्षाला सरासरी ६० लाख कॅरेट होते. देशाची स्वतःची क्षमता होती वर्षाला एक-दीड लाख कॅरेटची. उरलेला माल कुठून येतो हे विचारायला गुप्तहेर लागत नव्हता, आयातीचे रजिस्टर उघडणे पुरेसे होते.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. अँटवर्पचा रफ, म्हणजे कच्चा हिरा, मुंबईत ऑपेरा हाउसच्या पेढ्यांवर उतरायचा आणि सुरतेत घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, चढायचा. एकदा पुडक्यात मिसळला की खडा कुठल्या खाणीतला, हे डोळ्याने सांगता येत नाही. म्हणून जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत आली. खाणीच्या देशाचा दाखला असल्याशिवाय कच्चा हिरा सीमेपार जाणार नाही, असा तिचा नियम. भारत तिच्यात पहिल्यापासून आहे.

हिरे थांबले म्हणून टेलर थांबला नाही. त्याच्याकडे आणखी दोन पाकिटे होती. जहाज नोंदणीचा काही पैसा शस्त्रांच्या वाहतुकीसाठी वळवला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २००१ मध्ये दाखवून दिले. दुसरे पाकीट इमारती लाकडाचे. लाकडाची सर्वांत मोठी गिऱ्हाइके होती चीन आणि फ्रान्स, दोघेही सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य. म्हणून लाकडावरची बंदी मे २००३ पर्यंत लांबली आणि जुलैत अमलात आली. तोवर दोन वर्षे गेली होती.

पेच: जून २००३

तोपर्यंत लायबेरियात दुसरे यादवी युद्ध पेटले होते. उत्तरेकडून लर्ड नावाची बंडखोर संघटना मन्रोव्हियाच्या वेशीवर आली होती, दक्षिणेत आणखी एक गट होता. टेलरच्या हाती राजधानी आणि आसपासचा थोडा भाग उरला होता. घानाची राजधानी अक्रा इथे ४ जूनला शांतता परिषद सुरू व्हायची होती. यजमान राष्ट्राध्यक्ष जॉन कुफुओर, मदतीला नायजेरियाचे ओबासांजो आणि दक्षिण आफ्रिकेचे एम्बेकी. टेलर स्वतः येणार होता.

सगळ्यांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे सिएरा लिओनसाठी स्थापलेल्या विशेष न्यायालयाने ७ मार्चलाच टेलरविरुद्धच्या १७ कलमी आरोपपत्राला मंजुरी दिली होती. ते मोहोरबंद होते. फिर्यादी पक्षाचे प्रमुख डेव्हिड क्रेन यांच्या हातात ते तीन महिने पडून होते.

समोरचे पर्याय

लोमेच्या धर्तीवर टेलरला सत्तेत वाटा देऊन गप्प बसवणे, हा एक पर्याय होता. तो एकदा करून पाहिला होता आणि फसला होता. दुसरा, बंडखोरांना मन्रोव्हिया घेऊ द्यायचे. म्हणजे दाट वस्तीच्या शहरात रस्त्यारस्त्यावर लढाई, आणि शेवटी टेलरच्या जागी त्याच्याच जातकुळीचे लोक. तिसरा पर्याय अक्रातच अटक करण्याचा. चौथा, अभय देऊन देशाबाहेर काढण्याचा.

तिसरा आणि चौथा एकमेकांना छेद देतात आणि खरी अडचण इथेच आहे. खुर्ची सोडली की बेड्या पडणार हे कळल्यावर खुर्ची कोण सोडेल? उलट अभय दिले, तर पुढच्या प्रत्येक टेलरला निरोप जातो की भरपूर माणसे मारा, शेवटी एक बंगला मिळेल. मला यातली कुठलीच बाजू पोकळ वाटत नाही. मन्रोव्हियात तेव्हा तोफगोळ्यांखाली बसलेल्या आईला पहिली बाजू पटली असती, सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये, हात गमावलेल्या शेतकऱ्याला दुसरी.

पहिला निर्णय: अक्रात आरोपपत्र फोडणे

क्रेन यांनी ४ जूनला, परिषदेच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, आरोपपत्र जाहीर केले आणि वॉरंट घानाकडे पाठवले. टेलरला शांततेचा भागीदार म्हणून मिरवू द्यायचे नाही, आपण कुणाशी बोलणी करतो आहोत हे सगळ्यांना उघड दिसू द्यायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

घानाने अटक केली नाही. कुफुओर यांना हा विश्वासघात वाटला. बोलावलेल्या पाहुण्याला आपल्या अंगणात बेड्या घालायच्या, आणि आपल्याला ते ऐन वेळी कळवायचे. मन्रोव्हियातल्या घानाच्या नागरिकांवर सूड उगवला जाईल ही भीतीही होती. टेलरने भाषणात, आपण अडथळा असू तर बाजूला होऊ असे सांगितले आणि घाना सरकारच्याच विमानाने तो त्याच दिवशी मायदेशी परतला.

वरवर पाहता फिर्यादीचा पुरता पचका झाला. तरी मला तो निर्णय मूळ गाभ्यात योग्य वाटतो. त्या दिवसानंतर टेलरला पुढच्या सरकारात घेण्याची भाषा संपली. शेजारच्या राष्ट्राध्यक्षांना त्याच्याबरोबर फोटो काढून घेणे अवघड झाले. निर्बंधांनी दोन वर्षांत जे झाले नव्हते ते एका कागदाने काही तासांत केले. चूक झाली ती पद्धतीत. ज्या सरकारने अटक करायची, त्याला विश्वासात न घेता वॉरंट पाठवणे म्हणजे नकार ओढवून घेणे. आधी सांगितले असते तर बातमी फुटली असती, असे क्रेन यांच्या बाजूने म्हणता येते. ते खरेही असेल. पण फुटली असती तर टेलर आलाच नसता आणि परिषद त्याच्यावाचून सुरू झाली असती. त्यात फार काही बिघडले नसते.

मधले दोन महिने

पुढचे दोन महिने मन्रोव्हियाने जे सोसले ते टाळता आले असते का, हा प्रश्न मला सोडत नाही. जून-जुलैत बंडखोरांनी शहरावर तीनदा चढाई केली. लोकांनी त्या चढायांना पहिले, दुसरे, तिसरे महायुद्ध अशी नावे दिली. २१ जुलैला अमेरिकी वकिलातीसमोर लोकांनी आपल्या आप्तांची प्रेते आणून रांगेत ठेवली, कारण ती बघणारे दुसरे कुणी उरले नव्हते.

हे गोळे आले कुठून? टेलरवर शस्त्रबंदी होती, पण लर्डला शेजारच्या गिनीमार्गे शस्त्रे मिळत होती. गिनी तेव्हा सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, मार्च २००३ मध्ये तर परिषदेचे अध्यक्षपदच त्याच्याकडे होते. एकाला वाळीत टाकताना त्याच्या शत्रूला दारूगोळा पोचू दिला की त्याला निर्बंध म्हणता येत नाही, तो युद्धातला सहभाग होतो. या प्रकरणातला हा सर्वांत काळा डाग आहे आणि त्याची किंमत मन्रोव्हियाच्या सामान्य माणसांनी मोजली.

अक्रात मात्र बोलणी आठवड्यांमागून आठवडे लांबत होती. प्रतिनिधी हॉटेलात राहत होते आणि मंत्रिपदे वाटून घेत होते. हे मोडले लायबेरियाच्या बायकांनी. त्या वर्षीच्या वसंतापासून ख्रिस्ती आणि मुसलमान बायका मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात पांढरे कपडे घालून रोज बसत होत्या. त्यांच्यातल्या काही जणी लेमा बोवी यांच्या पुढाकाराने अक्राला पोचल्या. जुलैत त्यांनी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून ठिय्या दिला आणि करार झाल्याशिवाय एकालाही बाहेर सोडणार नाही, जेवायलाही नाही, असे बजावले. सुरक्षारक्षक बोवी यांना अटक करायला आले तेव्हा त्या अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या बाईने भर सभेत असे करणे म्हणजे त्या समाजात पाहणाऱ्याला शाप. रक्षक मागे हटले. मध्यस्थ, नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अब्दुलसलामी अबुबकर, बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले, आणि त्यानंतर बोलण्यांचा नूर पालटला. २०११ च्या नोबेल शांतता पुरस्कारात बोवी यांचा वाटा होता.

दुसरा निर्णय: नायजेरियाचा आसरा

अमेरिकेने टेलरने देश सोडावा असे जाहीरपणे सांगितले होते, पण आपले सैन्य उतरवण्याची तिची तयारी तोकडी होती. ओबासांजो यांनी आसरा देऊ केला. ४ ऑगस्टला नायजेरियाचे सैनिक मन्रोव्हियात उतरले. ११ ऑगस्ट २००३ रोजी टेलरने राजीनामा दिला, ‘देवाची इच्छा असेल तर मी परत येईन’ असे म्हणाला आणि विमानाने नायजेरियातल्या कालाबारला गेला. १८ ऑगस्टला शांतता करारावर सह्या झाल्या. सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने १५,००० सैनिकांच्या मोहिमेला मान्यता दिली. पुढे २००७ पासून याच मोहिमेत भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी होती, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी.

शहरातली लढाई थांबली आणि हजारो जीव वाचले. ओबासांजो यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण त्या आसऱ्याच्या अटी कुणीच स्पष्ट केल्या नाहीत. तो कायमचा की निवडून आलेले सरकार येईपर्यंतचा? आरोपपत्राचे काय? टेलरला ते कायमचे अभय वाटले, वॉशिंग्टनला तात्पुरती सोय वाटली. त्याहून मोठी हयगय पैशाच्या बाबतीत झाली. टेलर आणि त्याच्या माणसांची मालमत्ता गोठवण्याचा ठराव मार्च २००४ मध्ये आला, म्हणजे त्याने देश सोडल्यावर सात महिन्यांनी. पैसे हलवायला सात दिवसही पुरतात.

तिसरा निर्णय: ताबा मागणे

अडीच वर्षे टेलर कालाबारच्या बंगल्यात राहिला. इंटरपोलने त्याच्यासाठी रेड नोटीस काढली, अमेरिकी काँग्रेसने २० लाख डॉलरचे इनाम मंजूर केले, तो मन्रोव्हियाच्या राजकारणात ढवळाढवळ करतो अशा तक्रारी येत राहिल्या. सिएरा लिओनमध्ये ज्यांचे हात तोडले गेले होते अशा दोन नायजेरियन नागरिकांनी आपल्याच सरकारविरुद्ध नायजेरियाच्या न्यायालयात दाद मागितली. या माणसाला आसरा देण्याचा सरकारला अधिकार आहे का, असा त्यांचा सवाल होता. ओबासांजो मात्र शब्दाला धरून होते. लायबेरियाच्या निवडून आलेल्या सरकारने मागितला तरच ताबा देईन, असे ते म्हणत.

जानेवारी २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्यापुढचा पेच अवघड होता. टेलरचे लोक संसदेत होते, त्याचे माजी लढवय्ये रस्त्यांवर बेकार हिंडत होते. आधी देश सावरायचा, टेलरचे नंतर बघू, असे त्यांनाही वाटत होते. पण मदत देणाऱ्या देशांचा, विशेषतः अमेरिकेचा, रेटा होता. मार्चमध्ये त्यांनी रीतसर मागणी केली.

२५ मार्चला ओबासांजो यांनी जाहीर केले की लायबेरियाने टेलरला घेऊन जावे. घेऊन जायला कुणीच तयार नव्हते, आणि पहारा वाढवला गेला नाही. दोन-तीन दिवसांत टेलर गायब झाला. ओबासांजो तेव्हा अध्यक्ष बुश यांना भेटायला वॉशिंग्टनला निघाले होते, आणि ती भेट होणार की नाही अशी चर्चा सुरू झाली. २९ मार्चला पहाटे नायजेरियाच्या ईशान्य टोकाला, गाम्बोरू-न्गाला इथल्या कॅमेरूनच्या सीमेवर, राजनैतिक पाटी लावलेली एक रेंज रोव्हर अडवली गेली. आत टेलर होता. त्याच दिवशी त्याला मन्रोव्हियाला आणले, विमानतळावर लायबेरियाच्या जमिनीला त्याचे पाय जेमतेम लागले आणि संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरने त्याला फ्रीटाउनला नेले. बुश-ओबासांजो भेट झाली.

नाक्यावरच्या माणसांनी ती गाडी सोडली असती तर हे प्रकरण आज कुणी अभ्यासले नसते. ताबा देण्याची घोषणा आणि ताबा घेण्याची व्यवस्था यांच्यात चार दिवसांची फट ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा होता.

चौथा निर्णय: खटला हेगला नेणे

टेलर फ्रीटाउनमध्ये राहिला तर त्याचे समर्थक पुन्हा गडबड करतील या भीतीने खटला नेदरलँड्सला हलवायचे ठरले. शिक्षा झाली तर कैदी आमच्याकडे ठेवणार नाही, ही नेदरलँड्सची अट होती. ब्रिटनने तुरुंगाची हमी घेतली. जून २००६ मध्ये त्याला हेगला नेण्यात आले.

४ जून २००७ ला खटला उभा राहिला तेव्हा टेलर आलाच नाही, आणि त्याचे वकील करीम खान न्यायालयातून उठून गेले. (हेच करीम खान पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता झाले आणि पुतिन यांचे वॉरंट त्यांनीच मागितले.) प्रत्यक्ष साक्षी जानेवारी २००८ पासून सुरू झाल्या. फिर्यादी पक्षाने ९४ साक्षीदार उभे केले. टेलरने स्वतः काही महिने साक्ष दिली. जगाच्या वर्तमानपत्रांनी ठळक छापली ती मॉडेल नाओमी कॅम्पबेलची साक्ष. हात तोडलेल्या माणसांच्या साक्षी त्या मानाने आतल्या पानांवर गेल्या.

मूळ १७ कलमी आरोपपत्र मधल्या काळात ११ आरोपांवर आणले गेले होते. २६ एप्रिल २०१२ रोजी न्यायाधीशांनी त्याला सगळ्या ११ आरोपांत दोषी ठरवले. महत्त्वाचे म्हणजे बंडखोर त्याच्या हुकमाखाली होते, हे सिद्ध झाले असे न्यायालयाने मानले नाही. गुन्ह्यांना मदत करणे, चिथावणी देणे आणि काही हल्ल्यांची आखणी करणे, यांसाठी तो दोषी ठरला. फिर्यादीने ८० वर्षे मागितली होती, शिक्षा झाली ५० वर्षांची. सप्टेंबर २०१३ मध्ये अपील फेटाळले गेले आणि त्याची रवानगी ब्रिटनच्या तुरुंगात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यानंतर एखाद्या माजी राष्ट्रप्रमुखाला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवण्याची ही पहिली वेळ होती.

काय साधले, काय सुटले

सिएरा लिओन आणि लायबेरिया या दोन्ही देशांत त्यानंतर युद्ध पेटलेले नाही. २०१८ आणि २०२४ मध्ये लायबेरियात निवडणुकीने सत्तांतर झाले. ही लहान गोष्ट नाही.

पण ५० वर्षांच्या शिक्षेत लायबेरियातला एकही खून मोजलेला नाही. न्यायालय सिएरा लिओनसाठी होते, त्यामुळे लायबेरियाच्या हद्दीतले गुन्हे त्याच्या अधिकाराबाहेर राहिले. निंबातल्या किंवा मन्रोव्हियातल्या माणसाला टेलरविरुद्ध आपली फिर्याद मांडायला जागाच नव्हती. लायबेरियातल्या छळाबद्दल शिक्षा झाली ती त्याच्या मुलाला, तीही अमेरिकेच्या कायद्याखाली मायामीत: २००९ मध्ये ९७ वर्षे. लायबेरियाच्या सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये खास न्यायालयाची शिफारस केली होती. ती धूळ खात पडली, कारण ज्यांच्यावर खटले भरायचे त्यांतले काही जण संसदेत बसले होते. टेलरच्या टोळीतून फुटून निघालेला आणि सॅम्युएल डो याला पकडून मारणारा प्रिन्स जॉन्सन वर्षानुवर्षे सिनेटर राहिला.

टेलरने दडवलेला पैसाही म्हणावा तसा हाती लागला नाही. त्याच्या वकिलांचा खर्च न्यायालयालाच करावा लागला. हात गमावलेल्यांना टेलरच्या खिशातून भरपाई मिळाली नाही.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते सर्वांत आधी पैसा. लाकूड, जहाज नोंदणी आणि बँकखाती या तिन्हींवर २००१ मध्येच एकदम हात घालायला हवा होता. आज दे, उद्या दे असे निर्बंध लावले की माणूस एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे हलवतो. रशियाच्या बाबतीत तेल आणि वायू यांवरून युरोपात जी रस्सीखेच चालली तिच्यात हेच दुखणे दिसते. ज्याचे गिऱ्हाईक मोठे, त्याच्या मालाला हात लावायला सगळे कचरतात.

शस्त्रबंदी गिनीलाही लागू पडली पाहिजे होती. लर्डची रसद तोडली असती तर जुलै २००३ चा मारा एवढा झाला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आसरा देण्याला माझा विरोध नाही. लढाई थांबत असेल तर दार उघडे ठेवावे. पण आरोपपत्र कायम राहील आणि निवडून आलेल्या सरकारने मागितले की ताबा द्यावा लागेल, हे लेखी हवे होते. टेलरने मग राजीनामा दिला असता का? ऑगस्ट २००३ मध्ये त्याच्याकडे येणाऱ्या पैशाचा ओघ आटला होता, बंदर बंडखोरांच्या ताब्यात होते, शेजारी पाठीशी नव्हते. मला वाटते दिला असता. लेखी अट असती तर ओबासांजो यांनाही शब्द मोडल्याचा ठपका सोसावा लागला नसता, आणि पुढच्या वेळी असा आसरा देणाऱ्याचे बोलणे कुणी खरे मानेल की नाही ही चिंता उरली नसती.

आणि लायबेरियाच्या फिर्यादींसाठी शांतता करारातच न्यायालयाची तरतूद व्हायला हवी होती. अक्रात टेबलाभोवती बसलेल्यांत ज्यांच्यावर खटले झाले असते तेच होते, म्हणून करारात फक्त सत्यशोधन आयोग आला. बाहेर दार अडवून बसलेल्या बायकांना त्या टेबलावर जागा असती तर कलम वेगळे असते. २ मे २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्हे आणि आर्थिक गुन्हे यांच्या न्यायालयाची तयारी करणारे कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर सही केली. शांतता करार होऊन तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रिन्स जॉन्सन खटल्यावाचून मरण पावला. १९९० मध्ये ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते साक्षीदार आता साठी-सत्तरीत आहेत. न्यायालय उभे राहायचे तेव्हा राहो, पण त्यांचे जबाब आत्ताच नोंदवून घ्यायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.